नेटवर्कमधला कुठला डबा काय काम करतो, हे मॉनिटरिंगला कसं सांगायचं

मागच्या पावसाळ्यात जांबोटीच्या पुढच्या आमच्या ब्रॉडबँडच्या एका नोडचा रात्री साडेनऊला करंट गेला आणि दोन मिनिटात सगळं बंद पडलं. नोड म्हणजे काय तर भाड्याने घेतलेली एक खोली, त्यात एक रॅक, रॅकमध्ये ओएलटी (घरोघरची फायबर जिथून निघते तो मुख्य डबा), एक स्विच (एकाच नेटवर्कमधले डबे जोडणारा), एक छोटा राउटर (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जायची वाट बघणारा) आणि खाली यूपीएस, आणि त्या यूपीएसवर चार तास तरी निघतील असा आमचा हिशोब होता. मॉनिटरिंगच्या (सगळे डबे नीट चालू आहेत का हे बघत राहणाऱ्या सिस्टीमच्या) स्क्रीनवर तो यूपीएस वर्षभर हिरवा होता. हिरवा का, तर त्याच्यात नेटवर्क कार्ड होतं, कार्डाला आयपी होता, पिंग केलं की उत्तर यायचं, आणि आम्ही त्याला सिस्टीममध्ये घालताना स्विच म्हणून घातला होता, कारण त्या दिवशी बाकी सगळे स्विचच घालत होतो आणि तेच टेम्प्लेट (कुठल्या डब्याला काय विचारायचं त्याचा ठरलेला साचा) पुढे लागत गेलं. म्हणजे सिस्टीम दर पाच मिनिटाला त्याला विचारायची, तू आहेस का, आणि तो म्हणायचा, आहे. बॅटरी किती मिनिटं चालेल हे कधी कुणी विचारलंच नाही. नंतर कार्डाचा लॉग उघडून बघितला तर बॅटरी बदला म्हणून कित्येक महिन्यांपासून त्यात लिहून येत होतं.

त्या रात्री एका काकूंचा फोन आला, मुलीची सकाळी परीक्षा, हॉलतिकीट डाउनलोड करायचं होतं, आणि त्या भागात मोबाईलची रेंज पावसात धड मिळत नाही. माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. गाडी काढून जाऊन पोचेपर्यंत साडेअकरा झाले. ते मला अजून लागून राहिलंय, आणि तेव्हापासून मी ह्या वर्गवारीच्या विषयाकडे नीट बघायला लागलो. आपल्या बेळगाव भागात छोटे केबल-ब्रॉडबँडवाले, पतसंस्थांचं आयटी बघणारी पोरं, उद्यमबागेतल्या कारखान्यांचं नेटवर्क सांभाळणारे असे बरेचजण आहेत, त्यांच्यासाठी म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी मूळ गोष्ट. येळ्ळूर-वडगावकडे बासमतीच्या शेतात पाणी उभं दिसलं तर शेतकरी खूश असतो. निपाणीकडे तंबाखूच्या शेतात तसंच पाणी उभं राहिलं तर मुळं कुजतात आणि पीक जातं. पाणी तेच, पण चांगलं की वाईट हे पीक कुठलं ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. नेटवर्कमध्ये अगदी असंच असतं. डिस्क ९८ टक्के भरली हा निरोप बिलिंगच्या सर्व्हरवरून आला तर अंथरुणातून उठून पळायचं असतं, आणि तोच निरोप कॅमेऱ्यांच्या एनव्हीआरवरून आला तर काहीच करायचं नसतं कारण एनव्हीआरचं कामच ते आहे, डिस्क भरेपर्यंत लिहायचं आणि मग सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसून त्याच्यावर नवीन लिहायचं, महिनाभर चाललेला एनव्हीआर कायम भरलेलाच दिसणार. स्विचचा एखादा पोर्ट डाउन झाला, तो ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा असेल तर संध्याकाळी सहाला माणूस घरी गेला एवढाच त्याचा अर्थ, पण अपलिंकचा (मुख्य नेटवर्ककडे जाणारा) असेल तर त्याच्यामागची सगळी ऑफिसं गेली.

फायबरमधलं उदाहरण तर मला सगळ्यात आवडतं, कारण ह्यात नवीन पोरं हमखास फसतात. लाईटची पॉवर आपण डीबीएममध्ये मोजतो, मायनसपुढचा आकडा जितका मोठा तितका लाईट कमी. समजा रिसीव्ह पॉवर मायनस २२ आली. हे चांगलं का वाईट? जीपॉनमध्ये (एकच फायबर वाटून बऱ्याच घरांना द्यायची पद्धत) गिऱ्हाइकाच्या घरातला जो ओएनयू असतो त्याला (नेहमीच्या बी प्लस क्लासमध्ये) मायनस ८ पासून मायनस २७ पर्यंत चालतं, म्हणजे मायनस २२ ला तो व्यवस्थित चालणार. पण तोच आकडा दोन नोडच्या मधल्या साध्या एक जीबीच्या एलएक्स एसएफपीवर (स्विचच्या पोर्टात घालायचं फायबरचं मॉड्यूल) आला तर लिंक टिकणार नाही, कारण त्याची हद्द साधारण मायनस १९-२० पर्यंतच आहे. आणि उलट बाजूने, ओएनयूला मायनस ५ मिळालं तर लाईट भरपूर आहे म्हणून खूश व्हायचं नाही, एवढ्या लाईटने रिसीव्हर दिपतो, त्यालाही अलार्म पाहिजे. आता सांगा, सिस्टीमला हा डबा ओएनयू आहे की एसएफपी लावलेला स्विच आहे हेच ठाऊक नसेल तर ती मायनस २२ चं करणार काय?

तर मग डबा ओळखायचा कसा. दोनचार डबे असतील तर हाताने लिहा, विषय संपला. पण शे-दोनशे झाले की सिस्टीमनेच शोधून काढावं असं वाटतं आणि बहुतेक सगळ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते. सॉफ्टवेअर एका रेंजमधल्या २५४ ॲड्रेसना ओळीने हाका मारतं, जो उत्तर देईल त्याला एसएनएमपीने पुढचे प्रश्न विचारतं. एसएनएमपी म्हणजे डब्यांना प्रश्न विचारायची ठरलेली भाषा, १९८८ पासून आहे, आणि अजून जवळजवळ प्रत्येक बऱ्यापैकी डब्याला ती येते. प्रश्नांना नंबर असतात, त्यांना ओआयडी म्हणतात, टिंबांनी जोडलेले लांबलचक आकडे. नवीन माणूस ते बघूनच घाबरतो पण तो फक्त पत्ता आहे. जिल्हा, तालुका, गाव, गल्ली, घर नंबर असं आपण लिहितो नव्हं (बेळगावात तर गल्लीशिवाय पत्ता पुरा होतच नाही), तसंच डावीकडून उजवीकडे बारीक बारीक होत जातं.

ओळख पटवायला ह्यातले पहिले दोन प्रश्न महत्त्वाचे. एक सिसडिस्क्र, म्हणजे डबा स्वतःबद्दल चार शब्दात काय सांगतो ते. दुसरा सिसऑब्जेक्टआयडी, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलला दिलेला नंबर. हा दुसरा जास्त भरवशाचा, कारण तो कंपनीच्या गल्लीतला असतो. १.३.६.१.४.१ इथवरचा पत्ता म्हणजे कंपन्यांचा पेठभाग म्हणा, त्याच्या पुढचा आकडा आयाना ही संस्था एकेका कंपनीला देते आणि तो सगळ्या जगात एकच असतो. सिस्कोचा ९, एचपीचा ११, एपीसीचा ३१८, हुआवेचा २०११, मायक्रोटिकचा १४९८८, युबिक्विटीचा ४१११२. म्हणजे उत्तर १.३.६.१.४.१.३१८ ने सुरू झालं की समजायचं, हे एपीसीचं घराणं, बहुतेक यूपीएसच असणार. आमच्या त्या नोडवर एवढं जरी बघितलं असतं तरी स्विचचं टेम्प्लेट लागलं नसतं.

पण घराणं कळलं म्हणजे धंदा कळला असं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मायक्रोटिकच घ्या, आपल्याकडे सगळीकडे आहे. त्याच्या राउटरओएसवरच्या (त्यांची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम) डब्यांचा सिसऑब्जेक्टआयडी मॉडेल कुठलंही असलं तरी १४९८८.१ असाच येतो, मॉडेलचं नाव सिसडिस्क्रमध्ये वाचायला लागतं. आणि मॉडेल कळलं तरी काय, तोच डबा एका नोडवर राउटर म्हणून बसलाय, दुसरीकडे नुसता स्विच म्हणून आणि तिसरीकडे गच्चीवर वायरलेसचं काम करतोय. दुसरा घोळ लिनक्सचा. एनव्हीआर, फाईल स्टोरेज, स्वस्तातला वायफायचा डबा, ह्या सगळ्यांच्या पोटात लिनक्सच असतो आणि कंपनीने आपला नंबर घालायचे कष्ट घेतले नसतील तर उत्तर ८०७२.३.२.१० असं येतं, म्हणजे मी नेट-एसएनएमपी (एसएनएमपीच्या प्रश्नांना उत्तर देणारं सॉफ्टवेअर) चालवणारा लिनक्स आहे एवढंच. सिस्टीम त्याला सर्व्हर म्हणते आणि मग एनव्हीआरच्या भरलेल्या डिस्कसाठी रात्री दोनला तुम्हाला उठवते.

कामाचा अंदाज येण्यासाठी सिससर्व्हिसेस नावाचा एक आकडा पण असतो, त्याची गंमत सांगतो. नेटवर्कचे थर असतात, लेयर म्हणतो आपण. दुसऱ्या लेयरचं म्हणजे स्विचिंगचं काम करत असेल तर २, तिसऱ्याचं म्हणजे राउटिंगचं असेल तर ४, चौथ्याचं ८, सातव्याचं ६४, आणि जे जे करतो त्याची बेरीज. उत्तर २ आलं तर साधा स्विच, ६ आलं तर २ अधिक ४ म्हणजे राउटिंग पण करणारा स्विच, ७२ आलं तर ६४ अधिक ८ म्हणजे सर्व्हर किंवा कॉम्प्युटर. कागदावर फार छान आहे, पण काही डबे ७८ म्हणून मोकळे होतात, म्हणजे ६४, ८, ४, २ सगळंच, मला सगळं येतं. मग काही कळत नाही. म्हणून मी हा आकडा साक्षीदार म्हणून वापरतो, निकाल त्याच्यावर देत नाही. त्यापेक्षा डब्याकडे कुठली वही (एकेका कामाच्या माहितीचा ठरलेला संच) आहे ते विचारलेलं बरं, म्हणजे यूपीएसची माहिती १.३.६.१.२.१.३३ खाली असते, प्रिंटरची ४३ खाली, स्विचची मॅक टेबल (कुठल्या पोर्टवर कोण आहे ती यादी) १७ खाली. त्या पत्त्यावर काही सापडलं तर डबा ते काम करतो ह्याचा पुरावा मिळाला, कंपनी कुठली का असेना. (सगळ्या कंपन्या ही सर्वांची वही ठेवतात असं नाही, काहीजण फक्त आपल्या गल्लीतच माहिती ठेवतात, तेव्हा काही सापडलं नाही म्हणून डबा ते काम करतच नाही असं धरायचं नाही.)

ज्यांना एसएनएमपी येतच नाही त्यांचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क पोर्टला कारखान्यातच दिलेला नंबर) बघायचा, पहिले सहा आकडे-अक्षरं बनवणाऱ्या कंपनीचे असतात. पण मोबाईल आता खोटा मॅक तयार करून लावतात, दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो तसलाच समजा आणि त्याच्या नादाला लागू नका.

आता ओळख पटली असं धरू. ह्याच्यापुढे माझं म्हणणं असं आहे की डब्याला एकच चिठ्ठी चिकटवून भागत नाही. कंपनी आणि मॉडेल कळलं की त्याला काय काय विचारता येईल ते कळतं. काम कळलं की त्यातलं काय विचारायला पाहिजे ते कळतं. आणि तो कुठे आहे हे कळलं की कुणाला पाठवायचं ते कळतं. ह्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना वेगवेगळे रकाने पाहिजेत. आम्ही आधी सगळं एकाच नावात कोंबायचो, मायक्रोटिक-राउटर-खानापूर असा एक प्रकार, मग मायक्रोटिक-स्विच-खानापूर दुसरा, असे करता करता तीसेक प्रकार झाले आणि कुठला नियम कुठे लावलाय हेच कुणाला आठवेना. आता कामाचे नऊच आहेत, बाकी कंपनी आणि जागा बाजूच्या रकान्यात.

जागेबद्दल आपल्या भागात एक खास अडचण आहे, ती बाहेरच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. आमच्याकडे दोन पोरं लाईनवर असतात, एक घरी मराठी बोलणारा, एक कन्नड. एकाच पोलला एक म्हणतो मारुती देवळाजवळचा, दुसरा म्हणतो हणमप्पन गुडी. दोघांनी आपापल्या परीने नावं घातली, आणि सिस्टीममध्ये एका पोलचे दोन नोड झाले. त्यात १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेलगामचं बेळगावी झालं, तेव्हा जुन्या डब्यांची नावं बीजीएमने सुरू होतात आणि नवीन काहींची बीएलजीने. शोधायला गेलं की अर्धेच सापडतात. आम्ही शेवटी काय केलं, प्रत्येक जागेला एक नंबर दिला, पोलवर ऑइलपेंटने तो लिहिला, डब्याच्या सिसलोकेशनमध्ये (एसएनएमपीतला जागेचा रकाना) तोच घातला, आणि बोलताना ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. भांडण मिटलं.

जागेइतकंच महत्त्वाचं म्हणजे कोण कुणाच्या मागे आहे. आमची लाईन चोर्ला रोडने जाते, पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी अशी. पावसात कणकुंबीकडे (मलप्रभेचा उगम आहे तिथे, पाऊस काय पडतो ते वेगळं सांगायला नको) झाड पडून केबल तुटणं नेहमीचं. समजा किणयेच्या पुढे तुटली, तर त्याच्यापुढचं सगळंच बेळगावात बसलेल्या सिस्टीमला दिसेनासं होतं. मोबाईलवर एका झटक्यात चाळीस अलार्म. पण चाळीस डबे बंद पडलेत का? नाही, ते तिकडे सुखाने चालू आहेत, आपल्याला दिसत नाहीत एवढंच. म्हणून प्रत्येक डब्याचा बाप कोण हे लिहायचं, ओएलटीचा बाप त्या नोडचा स्विच, स्विचचा बाप आधीच्या नोडचा राउटर, असं. बाप दिसत नसेल तर लेकरांबद्दल बोंब मारायची नाही, बापाबद्दल एकच निरोप द्यायचा. दोन बाजूंनी लाईन येत असेल तर दोन बाप लिहायचे आणि दोन्ही गेले तरच गप्प बसायचं. चाळीस निरोपात खरा एक शोधण्यात जो अर्धा तास जातो तो पावसातल्या रात्री फार महागात पडतो.

गिऱ्हाइकांच्या ओएनयूचा हिशोब अजून वेगळा. लोक झोपताना ओएनयूचं बटण बंद करतात, तेव्हा एकेका ओएनयूसाठी अलार्म लावणं म्हणजे झोपेचं खोबरं. आम्ही त्यांना स्प्लिटरप्रमाणे (एका फायबरचे फाटे करणारा डबा) गोळा करतो. आठच्या स्प्लिटरवरचा एक गेला तर नुसती नोंद, आठच्या आठ एका मिनिटात गेले तर अलार्म. आणि इथे जीपॉनमध्ये एक फार हुशारीची सोय आहे, डायिंग गॅस्प. ओएनयूचा करंट गेला की आतल्या कपॅसिटरमध्ये जी चिमूटभर वीज उरते तेवढ्यात तो ओएलटीला शेवटचा निरोप पाठवतो, माझा करंट गेला म्हणून. फायबर तुटली तर हा निरोप पाठवणार कुठून? तेव्हा ओएलटीला फक्त सिग्नल गेलेला दिसतो. म्हणजे आठही डायिंग गॅस्प देऊन गेले तर गावचा करंट गेलाय, शिडी काढायची गरज नाही. काही न बोलता गेले तर स्प्लायसिंग मशीन (तुटलेली फायबर जोडायचं) गाडीत टाका. पण हे कधी कळणार, ओएनयूला ओएनयू म्हणून घातलं असेल तर. पिंगला दोन्ही सारखंच दिसतं.

स्पीडचा पण एक मुद्दा राहिला, थोडक्यात सांगतो. पोर्टमधून किती डेटा गेला ह्याचा जुना काउंटर ३२ बिटांचा असतो, पूर्ण भरला की परत शून्यावर येतो. एक जीबीच्या (म्हणजे सेकंदाला एक गिगाबिटच्या) लिंकवर पूर्ण लोड असला तर तो ३४ सेकंदात भरतो. तुम्ही पाच मिनिटांनी वाचायला गेलात तर मधे किती वेळा फिरला ते कळणारच नाही आणि ग्राफ साफ खोटा येतो. तेव्हा जलद पोर्टांना ६४ बिटांचा काउंटर वाचायला सांगायचं. तसंच सिसअपटाईम, डबा किती वेळ चालू आहे ते, ४९७ दिवसांनी शून्यावर येतो, तेव्हा इतके दिवस न थांबलेला चांगला डबा रिस्टार्ट झाला असं दिसतं. ते बघून त्याला बदलायला निघू नका.

सगळ्यात शेवटी ठरवायचं ते कुणासाठी रात्री उठायचं. हे कुठलंही सॉफ्टवेअर शोधून देत नाही, माणसांशी बोलायला लागतं. पतसंस्थेची शाखा रात्री बंद असते, सकाळी साडेनऊपर्यंत लाईन दिली तर चालतं. उद्यमबागेत एखाद्या फाउंड्रीची तिसरी पाळी असेल तर तिथे रात्री दोनला पण लोक भट्टीपुढे उभे असतात. दवाखाना असेल तर विचारायचं पण नाही, उठायचंच. डब्याची किंमत किती ह्याच्यावर हे ठरवू नका, दवाखान्याच्या रिसेप्शनमागचा दीड हजाराचा स्विच आमच्या यादीत सगळ्यात वर आहे.

आणि हो, हे सगळं सुरू करायच्या आधी डब्यांवरची एसएनएमपीची कम्युनिटी पब्लिक अशीच ठेवली असेल तर ती बदला. तो एक प्रकारचा पासवर्ड आहे आणि सगळ्या जगाला माहीत आहे, शिवाय व्हर्जन १ आणि २सी मध्ये तो उघडा वायरवरून जातो. डब्याला व्हर्जन ३ येत असेल तर तेच लावा.

त्या यूपीएसचं पुढे काय केलं ते सांगतो. यूपीएस असा वेगळा गट केला आणि त्यात पिंग सगळ्यात खाली ठेवला. वर काय, तर बॅटरीची स्थिती आणि अंदाजे किती मिनिटं उरलीत ते. ह्या दोन्ही प्रश्नांचे सगळ्या कंपन्यांसाठीचे नंबर १९९४ सालीच ठरलेत, १.३.६.१.२.१.३३.१.२ खाली आहेत, स्थितीचं उत्तर २ म्हणजे ठीक, ३ म्हणजे कमी, ४ म्हणजे संपली. मिनिटांचा आकडा कार्डाचा अंदाज असतो, जुन्या बॅटरीला तो चुकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी कुणीतरी नोडवर जाऊन मेन बंद करतो आणि घड्याळ लावून बसतो. पहिल्यांदा केलं तेव्हा सात नोडपैकी दोन ठिकाणी वीस मिनिटं पण निघाली नाहीत. दोन्हीकडे बॅटऱ्या बदलल्या.

ज्यांची ओळखच पटत नाही असे डबे आम्ही जबरदस्तीने कशात घालत नाही, ओळख पटायची आहे असा एक गट ठेवलाय आणि दर सोमवारी तो उघडून बघतो. सुरुवातीला त्यात सव्वीस होते. एक निघाला हजेरीचं मशीन, एक कुणीतरी परस्पर लावलेला वायफायचा डबा, एक आमचाच जुना स्विच जो काढला असं सगळ्यांना वाटत होतं आणि त्याच्यावर अजून तीन गिऱ्हाइकं चालू होती. आता दोन उरलेत. त्यातला एक टिळकवाडीतल्या एका बिल्डिंगच्या गच्चीवर आहे, येत्या शनिवारी शिडी घेऊन चाललोय.